माझा बिगारी

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांचे बिगारी वेळेवर आले, माझाच तेवढा आला नाही.

गवंडीकामाच्या वर्गाच्या शेडमागच्या अंगणात आम्ही बायका आपापल्या चुन्याच्या रेघेसमोर उभ्या होतो. रहिमतबीचा भाऊ गॅरेज बंद ठेवून आला होता. शेवंताची आई पदर खोचून विटांच्या ढिगाशी कधीची तयार होती. माझ्यासमोर विटा होत्या, वाळू होती, सिमेंटची अर्धी गोणी होती, पण ते कालवायला माणूस नव्हतं. माझी नणंद वैजंता येणार होती. आदल्या संध्याकाळीच "वहिनी, तू कशाला घोर करतीस, मी हाय की" म्हणून गेली होती. सकाळी तिची पोरगी दारात येऊन सांगून गेली, "आईचं डोकं लई दुखायलंय."

"छबू, तुझं कोण गं?" मुंडलिक सरांनी विचारलं. आम्हाला गवंडीकाम शिकवलं ते त्यांनीच.

"येईल की सर."

"कोण येईल?"

ते मला तरी कुठं माहीत होतं! मी नुसती रस्त्याकडं बघत राहिले.

ज्यांनी बांधकामावर कधी पाय ठेवला नाही, त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात जोडी लागते. मिस्त्री थापी धरून वीट बसवतो, आणि बिगारी माल कालवून, घमेल्यात भरून त्याला पोचवतो, विटा हाताशी देतो. कितीही चांगला मिस्त्री असो, खालून माल आला नाही तर तो वर बसून माशा मारणार. ठेकेदारसुद्धा मिस्त्री एकटा आला की विचारतो, तुझी जोडी कुठंय? आणि आमच्याकडं थापी पुरुषाची, घमेलं बाईचं. असं कुणी कधी ठरवलं ते देवाला ठाऊक, पण बाईच्या हातात थापी दिसली तर लोक रस्त्यात थांबून हसायचे.

लग्न होऊन आले तशी मी आमच्या मालकांची बिगारी झाले. मालकांचं नाव दिगंबर, पण अख्खा तालुका त्यांना दिगू मिस्त्री म्हणतो. हात फार गोड त्यांचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर बांबूच्या परांचीवर चढून बसायचे आणि "माल!" म्हणून हाळी द्यायचे, की मी घमेलं उचललंच. घरी पाणी मागतानाही त्यांचा सूर तोच. कधीकधी मला वाटायचं, या माणसाला माझं नाव तरी ठाऊक आहे का?

अशात तालुक्याला बायकांसाठी गवंडीकामाचा वर्ग निघाला. मुलींचं वसतिगृह बांधायचं ठरलं होतं, आणि वर्गातून पास होणाऱ्या बायकांना तिथं मिस्त्री म्हणून घेणार होते. पास झालीस तर थापी, नापास झालीस तर परत घमेलं. मी नाव घातलं.

"बाईनं रचलेल्या भिंतीच्या आत कोण झोपंल?" मालक म्हणाले. "जीव मुठीत धरून?"

"तुमच्या भिंतीतला माल आजवर माझ्याच हातचा हाय. त्यात झोपत्यात की लोक."

त्यावर ते हसले आणि दिवसभर नुसतं "माल! माल!" करत राहिले.

वर्गात काय सुख होतं म्हणता? सिमेंट वरून यायचं होतं, ते काही येत नव्हतं. म्हणून आम्ही चिखलात वीट बसवायला शिकलो. दिवसभर भिंत रचायची आणि संध्याकाळी ती पाडून, विटा खरवडून, उद्यासाठी रचून ठेवायच्या. सांधा जुळला, ओळंबा लागला, जरा छातीत हवा भरली की सर म्हणायचे, "चला, पाडा." आम्ही सगळ्या चिडायचो. रहिमतबी तर एकदा खोरं फेकून म्हणाली, "सर, घरी सासू बी येवढं करून मोडाय लावत न्हाई." माझी एकही भिंत दुसऱ्या दिवसाचं ऊन बघू शकली नाही. परीक्षेलाच काय ते पहिल्यांदा खरं सिमेंट मिळणार होतं, आणि त्या दिवशी मला बिगारी नव्हता.

लातूरकडून फुटाणे साहेब परीक्षक म्हणून आले होते. तोंडानं तुटक, पण माणूस सरळ वाटला. त्यांनी हातातली काठी जमिनीवर टेकून नियम सांगितले.

"प्रत्येकीनं काटकोनाचा कोपरा बांधायचा, कमरेइतका. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ आहे. घरून आणलेल्या माणसानं माल द्यावा, विटा द्याव्यात. थापीला आणि ओळंब्याला त्याचा हात लागला तर ते काम रद्द. कळलं सगळ्यांना?"

"कळलं साहेब!" मागून आवाज आला.

आवाज ओळखीचा म्हणजे काय, झोपेत ओळखला असता मी. वळून बघते तर मालक! मोटरसायकल कुंपणाला टेकवून, डोक्याला टापरं बांधून, हात झटकत येत होते.

"तुम्ही?"

"मग कोण? वैजंताचं डोकं दुखतंय म्हणं. म्हणलं, बायकोची परीक्षा हाय, आपणच जावं."

"तुम्ही घमेलं उचलणार?"

"का? मला हात न्हाईत का?"

इतकी वर्षं संसार केला, पण त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दिगू मिस्त्री, ज्याला ठेकेदारसुद्धा अहोजाहो करतो, तो चारचौघांत माझा बिगारी व्हायला आला होता. शेवंताच्या आईनं तोंडाला पदर लावला. रहिमतबी म्हणाली, "छबू, नशीब काढलंस गं." मलाही तसंच वाटलं.

साहेबांनी शिट्टी मारली आणि काम सुरू झालं.

बिगारी म्हणून आमचे मालक किती बेकार निघाले, ते मात्र सांगायलाच हवं. मी माल मागितला की ते घमेलं घेऊन यायचे ते माझ्या उजव्या हाताला ठेवायचे. मी डावखुरी. 

"या अंगाला ठिवा."

"माल कुठंबी ठिवला तरी मालच हाय."

"अवं, मला वाकावं लागतंय."

"वाक की जरा. मी काय वाकत न्हाई?"

माल कधी पातळ पेजेसारखा, कधी इतका घट्ट की थापीवरून सुटेना. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवली, त्याला स्वतःला कालवता येत नव्हता. मला हसू यावं की रडू, कळेना. पण त्याहून वाईट म्हणजे त्यांची जीभ. माझ्यामागं उभं राहून सारखी कुजबुज.

"ती वीट फिरव."

"बरोबर हाय ती."

"सुतळी ढिली पडली."

"न्हाई पडली."

"अगं, मी सांगतोय ना..."

"तुम्ही विटा द्या बघू!"

शेजारच्या रेघेवर रहिमतबीचा भाऊ गुपचूप विटा देत होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून बिचारीचं काम झपाझप चाललं होतं. मला हेवा वाटला. तरी माझा कोपरा वर येत होता. ओळंबा सोडला की दोरी प्रत्येक थराला अलगद लागून उभी राहायची. काटकोन बघायचा गुण्या लावला की कोपऱ्यात जराही फट दिसायची नाही. मुंडलिक सर जाता जाता थांबले आणि मान डोलावून पुढं गेले. चिखलात घालवलेले सगळे दिवस मला त्या एका मान डोलावण्यात परत मिळाले. मी मनातल्या मनात वसतिगृहाच्या परांचीवर जाऊन बसलेसुद्धा.

कोपरा गुडघ्याच्या वर गेला होता. फुटाणे साहेब माझ्याच बाजूला येत होते. मी थापीवर माल घेतला, पुढची वीट उचलायला वाकले, तोच माझ्या मनगटावर हात पडला.

"सरक जरा. असं न्हाई."

आणि थापी माझ्या हातातून गेली. मालकांनी ती इतक्या सहज घेतली की क्षणभर मला कळलंच नाही. बसवलेली एक वीट उचकटली, माल खरवडला, नवा पसरला, वीट दाबली, थापीच्या मुठीनं ठोकली. लगेच तिच्या शेजारची दुसरी. खसाखस खसाखस. मी ओरडले, "अवं, ठिवा ती! ठिवा!" पण तोवर साहेब येऊन समोर उभे राहिले होते.

"हा कोपरा कुणाचा?"

मालक हसत उठले. "हिचाच, साहेब. जरा सुधरून दिलं."

"मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं की. पण बायको हाय माझी. नवऱ्यानं हात लावला तर काय बिघडलं?"

"काम रद्द," साहेब म्हणाले.

मी साहेबांच्या मागं धावले. "साहेब, माझी काय चूक? मी न्हाई सांगितलं त्यांना. तेवढ्या दोनच विटा त्यांच्या हातच्या, त्या मी काढून टाकते."

"बाई, मला कोणत्या विटा कुणाच्या हे कसं कळणार? माझा नाइलाज आहे. पाडा आणि पहिल्यापासून बांधा. सुट्टीपर्यंत जेवढं होईल तेवढं बघीन."

मुंडलिक सरांनी साहेबांना बाजूला नेऊन समजावलं, हात जोडले. काही उपयोग झाला नाही. साहेबांचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. नियम त्यांनी आधीच सांगितला होता, तोही सगळ्यांदेखत.

मी परत आले. पाडायच्या आधी ओळंबा घेतला आणि मालकांनी उचकटलेल्या विटांच्या खालच्या थरांना लावून बघितला. दोरी सरळ. सुतळी बघितली, ती ताठ. गुण्या लावला, बरोबर.

"काय चुकलं होतं?" मी विचारलं.

मालक हातावर तंबाखू मळत होते.

"मी इचारतेय, काय चुकलं होतं माझं?"

"आता झालं ते झालं. चल, मी माल कालवतो."

"माझ्या कामाला हात लावू नका. घरी जावा."

"अगं पण..."

"घरी जावा म्हणते ना!"

एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. सगळ्या थाप्या थांबल्या. मालकांनी इकडं तिकडं बघितलं, तंबाखू तोंडात टाकली आणि कुंपणाशी मोटरसायकलवर जाऊन बसले. गेले मात्र नाहीत. तिथूनच बघत राहिले.

मग मी माझा कोपरा पाडला. पाडायची सवय होतीच म्हणा, पण तो चिखल होता, हे सिमेंट होतं. विटा खरवडताना बोटं सोलली. एकटीनंच वाळू चाळली, माल कालवला, घमेलं उचललं, ठेवलं, मग थापी घेतली. दोन विटा बसवल्या की माल संपायचा. परत खाली, परत कालवायचं. शेवंताची आई एकदा न राहवून माझ्याकडं घमेलं घेऊन निघाली, पण तिला साहेबांनी हटकलं. ज्याचं त्याचं माणूस ज्याच्या त्याच्याकडं, असा नियम. संतापानं मी प्रत्येक विटेला मोठ्यानं शिव्या देत होते, आणि त्या विटेला नव्हत्या हे अंगणातल्या सगळ्यांना कळत होतं.

शिट्टी झाली तेव्हा माझा कोपरा जेमतेम गुडघ्याला लागला होता.

साहेब आले. ओळंबा सोडला, गुण्या लावला, वाकून सांधे बघितले. बराच वेळ बघितलं.

"काम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण अपुरं आहे. पुढच्या खेपेला या."

पुढची खेप कधी, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

रहिमतबी पास झाली. शेवंता पास झाली. जवळजवळ सगळ्याच झाल्या. फोटो काढायला सगळ्या आपापल्या कोपऱ्याशी उभ्या राहिल्या. मी हात धुऊन बाहेर पडले. मालकांनी मोटरसायकल सुरू केली. "बस," म्हणाले. मी बसले नाही. चालत घरी गेले. ते गाडी हळू चालवत मागून येत राहिले. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, नवराबायकोची काय गंमत चालली आहे.

गल्लीच्या तोंडाशी नळावर वैजंता दोन हंडे भरून उभी होती, चांगली टुणटुणीत.

"थांबलं का डोकं?" मी विचारलं.

"कसलं डोकं?"

"सकाळी पोरीला धाडलीस ना. डोकं दुखतंय म्हणून."

ती मागून येणाऱ्या गाडीकडं बघायला लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, मी निघालेच होते गं. दादा आला सकाळी. म्हणला, तू नको जाऊ, मी जातो, पण तिला डोकं दुखतंय म्हणून सांग. मला वाटलं, तुला खूश करायचंय त्याला."

मी घरी जाऊन चूल पेटवली. भाकऱ्या थापताना एकेक गोष्ट समोर येत होती. नियम ऐकून "कळलं साहेब" म्हणणारा आवाज. कोपरा गुडघ्याच्या वर जाईपर्यंत दम धरणं. साहेब बरोबर माझ्याकडं यायला आणि मनगटावर हात पडायला एकच गाठ पडणं. म्हणजे चूक होऊन गेली नव्हती तर. पण का? माझं वाईट व्हावं असं वाटणारा हा माणूस नव्हे. दारू नाही, हात उगारणं नाही. मला आजारपणात स्वतः दवाखान्यात घेऊन बसणारा माणूस. मग त्याला माझी थापी का सलावी? डोकं फुटायची वेळ आली, पण उत्तर मिळेना.

दिवे लागायच्या सुमाराला रहिमतबी आली. पास झालेली बाई, पण चेहरा माझ्यापेक्षा पडलेला.

"छबू, वसतिगृहाचा ठेकेदार म्हणतो, उद्यापासून या, पण आपापली जोडी घेऊन या. भाऊ परत गॅरेजला जाणार. मी चार घरं फिरले. बायका म्हणतात, बाईच्या हाताखाली घमेलं उचलायचं? आमची काय इज्जत न्हाई का? जोडी न्हाई नेली तर थापी हातात असून काय करू?"

"मग?"

"मग काय. परत घमेलं." ती खिन्न हसली. "नापास तू झालीस आणि वाया मी गेले."

तिला चहा देऊन मी दारापर्यंत पोचवलं. तिथं तिच्याशी जे बोलायचं ते बोलले. मालक आत जेवत होते.

सकाळी नेहमीप्रमाणे मालकांनी मोटरसायकल अंगणात काढली. थापी, ओळंबा, सुतळी पिशवीत घातली, पिशवी हँडलला अडकवली. पेठेतल्या एका दुकानाचं काम चाललं होतं, तिथं आमची जोडी जायची. मी डबा बांधला, घमेलं उचललं, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि बाहेर आले. मला वाटतं, मला घमेल्यासकट बघून त्यांना हायसं वाटलं. आवाजात गोडवा आला.

"बस. कालचं इसरून जा. परीक्षा काय, परत यील."

मी गाडीजवळून पुढं गेले.

"कुठं निघालीस?"

"कामावर."

"काम पेठंत हाय. इकडं कुठं?"

"वसतिगृहावर."

"तिथं तुला कोण घेतंय? तू नापास हायस."

"मिस्त्री म्हणून न्हाई. बिगारी म्हणून. रहिमतबीच्या हाताखाली."

मालकांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मग चेहरा बघून कळलं.

"एका बाईच्या हाताखाली? तिला माल देणार तू?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणू द्या. आणि पुढच्या परीक्षेला ती माझी बिगारी व्हनार हाय. आमचं बोलणं झालंय."

मी चालायला लागले. गाडी सुरू असल्याचा आवाज मागं तसाच येत होता. पेठेकडं जात नव्हती, माझ्यामागंही येत नव्हती. मी गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा मालकांनी गाडी बंद केली आणि हाक मारली. "माल!" अशी नाही. नावानं हाक मारली. "छबू!"

मी थांबले.

ते अंगणात उभे होते, हात दोन्ही बाजूला लोंबत. लहान पोराच्या तोंडून निघावं तसं त्यांच्या तोंडून निघालं, "तू गेल्यावर मला माल कोण देणार गं?"

एवढंच होतं ते. एवढ्यासाठी माझा सरळ कोपरा त्यांनी मोडला होता. राग यावा की कीव, मला ठरवता आलं नाही. रागच आला.

"हे काल इचारलं असतं," मी म्हटलं, "तर आपण दोघांनी मिळून कुणीतरी शोधलं असतं."

रहिमतबी कोपऱ्यावर वाट बघत होती. तिच्या पिशवीतली थापी नवी होती. मी घमेलं डोक्यावर नीट बसवलं आणि तिच्याबरोबर निघाले.